सारिकाचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मम्मीला नाही, मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला — तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जमतंय. ओळखत असतात तर मी गप्प बसले असते. मी मुळातच कमी बोलते. त्यामुळे जेवढं बोलते तेवढं खरंच असणार, असं लोक धरून चालतात.

सांगलीत एका ऑफिसात नोकरी करते मी. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आधी पंखा घरघरतो, मग थोडा वेळ स्क्रीन काळीच राहते, आणि मग अक्षरं उमटतात. त्या काळ्या स्क्रीनसमोर माझा श्वास अडकतो. रोज. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी एकदा ते पाहिलं. म्हणाल्या, "अगं, कॉम्प्युटर चालू होतोय, बारावीचा निकाल नाही लागत!" मी हसले. हसण्याशिवाय काय करणार होते?

सारिका माझी चुलत बहीण. आमचं मूळ गाव कवठे महांकाळच्या पुढं, माळरानावर. काका तिथंच राहिले, मेंढरं आणि जिरायती शेती सांभाळत. पप्पा नोकरीसाठी कराडजवळ मलकापूरला आले. म्हणून मी इंग्लिश मीडियमला गेले आणि सारिका गावातल्या शाळेत. बारावीनंतर तिनं हट्ट धरला, कॉम्प्युटरच शिकणार. कराडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि ती आमच्याकडे राहायला आली. सोडायला आलेले काका दारातच म्हणाले, "एक वरीस बघतो. जमलं तर जमलं, न्हाईतर मेंढरं हायतच."

"मेंढरं तुमचं ऐकत्यात, आण्णा," सारिका म्हणाली. "कंप्युटर माजं ऐकंल."

आणि ऐकलं त्यानं. पहिल्या दिवशी तिनं माउस उचलून पाहिला होता — "ह्या उंदराला शेपूट हाय, पण पाय कुटं हायत गं?" — आणि गणपतीपर्यंत ती आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा खेळ बनवत होती. काळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके चालायचे. ती मेंढरं. एखादा ठिपका कडेला गेला की ती बटण दाबून त्याला कळपात आणायची, आणि तोंडानं गावाकडच्यासारखं "हुर्रर्र" करायची. पप्पा ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन तिच्या मागं उभे राहायचे. "काय हात चालतात पोरीचे!" म्हणायचे. मी तिथंच सोफ्यावर असायची. हातात फोन असायचा.

हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त मी कुठं बसले होते, ते सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते — विळी, मम्मीचं शिलाई मशीन, पप्पांची स्कूटर. आणि कॉम्प्युटर. आदल्या दिवशी सगळं पुसून स्वच्छ करायचं. कॉम्प्युटर पुसायचं काम माझ्याकडे होतं. मम्मी आणि सारिका झेंडू आणायला बाजारात गेल्या होत्या, पप्पा ऑफिसात. मी कॅबिनेट उघडला. नुसती धूळ पुसायची होती. पण मी व्हिडिओ पाहिले होते. घरातल्यांना वाटायचं की मला यातलं कळतं. मग मी पंखा काढला. त्याच्याखाली प्रोसेसर असतो, बिस्किटाएवढा चौकोन. त्याची कडी उचलली आणि तोही बाहेर काढला. का? माहीत नाही. सारिकानं आतून कधी पाहिला नव्हता, म्हणून असेल.

परत बसवताना तो माझ्या बोटांतून सुटला. एका कोपऱ्यावर पडला. तो बसतो त्या जागेत केसांसारख्या बारीक पिना असतात, शेकड्यानं, आणि एकाच दिशेला झुकलेल्या. त्यातल्या काही आडव्या झाल्या. वाऱ्यानं ज्वारी लोळावी तशा. सुईनं सरळ करायला गेले आणि आणखी लोळवल्या.

सगळं पुन्हा बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळीच. साधी पीपसुद्धा वाजली नाही. मी बंद केलं, कॅबिनेटचं झाकण लावलं आणि वरून फडका मारला. चकचकीत दिसत होता.

इथवर तो अपघात होता. कुणाकडूनही होतो. हे सांगण्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकानं पूजा केली. तांब्यातलं पाणी झेंडूच्या फुलानं कॅबिनेटवर शिंपडलं, हळदकुंकू लावलं, फूल वर ठेवलं. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला जाळी होती. थेंब आत गेले असतील, नसतीलही. मग पप्पा म्हणाले, "लाव, तुझा कळप दाखव काकूला." तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी.

सगळ्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग जाळीकडे, आणि मग तिच्या हातातल्या ओल्या फुलाकडे.

मी बोलले नाही.

कुणीही तिच्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बहुतेक मी बोलले असते — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पप्पा म्हणाले, "असू दे, चुकून झालं." मम्मीनं केस वाळवायचं मशीन आणून जाळीवर धरलं. आणि सारिकाची समजूत काढायला म्हणाली, "काहींच्या हाताला यंत्र लाभत नाही गं. त्यात रडण्यासारखं काय? तुझ्या हातची भाकरी बघ किती छान होते." मम्मीनं ते मायेनंच म्हटलं होतं.

मग मी दुरुस्तीला बसले. कळतंय ना — मी! सगळ्यांच्या देखत कॅबिनेट उघडला. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. बोर्डावरचा गोल सेल काढून परत घातला. एकेक वायर काढून पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी बटण दाबायचं, पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. मी कपाळाला आठ्या घालून "हं" करायची. फक्त त्या पंख्याखाली हात घालत नव्हते. सारिका शेजारी बसून मोबाइलचा उजेड धरत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बिरोबाला नारळ बोललीया मी. चालू हुईल बग."

मी मान हलवली.

पप्पा म्हणाले, दुकानात दाखवून आण. मी मदरबोर्ड सुटा करून कापडी पिशवीत घातला आणि कराडला गेले. दुकानात गेले नाही. दुकानदारानं पंखा काढला असता, पिना पाहिल्या असत्या. पाण्यानं पिना वाकत नाहीत. मी प्रीतिसंगमावर गेले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोर कृष्णा आणि कोयना मिळत होत्या, लोक भेळ खात होते. ऊन उतरल्यावर घरी आले आणि म्हणाले, "पाणी गेलंय म्हणाले. बोर्ड संपला." असं म्हणणारा माणूसच नव्हता. पप्पांनी फक्त मान डोलावली. सारिका उठून आत गेली.

त्यानंतर ती कॉलेजच्या लॅबमध्येही बटणाला हात लावेना. शेजारच्या मुलीला म्हणायची, तू कर, मी सांगते. प्रॅक्टिकल असं देता येतं का? दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. काकांचा फोन आला. "तिलाच नगं म्हनती. आमी काय बळजबरी करनार?" पप्पांनी खूप समजावलं. मी त्या वेळी त्याच खोलीत होते. सोफ्यावर.

आता ते — जे इतका वेळ टाळते आहे.

मघाशी मी सांगितलं की सारिकानं पूजा केली. घरात आधी तसं ठरलेलं नव्हतं. कॉम्प्युटरची पूजा दरवर्षी मीच करायची. त्या सकाळी मम्मीनं तांब्या माझ्याच हातात दिला होता. सारिका दाराला तोरण बांधत होती. मी तिला हाक मारली. म्हणाले, "या वर्षी तू कर."

ती लाजली. "आगं, तुजा हाय कंप्युटर. मी कशी करू?"

"तूच तर वापरतेस," मी म्हणाले. आणि तांब्या तिच्या हातात दिला. फूलही मीच दिलं, आणि वरून म्हणाले, "नीट शिंपड."

बोर्ड मेलेला आहे हे मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं. घाबरून गप्प राहिले असं नाही. मी जागा शोधली होती, माझी चूक कुठं ठेवायची ते. आणि ती किती खूश झाली होती! आधी तिनं माझ्याकडे पाहून पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावर घेतली, मग पाणी शिंपडलं.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा सैन्यात आहे. ती कवठे महांकाळ तालुक्यातच राहते, शेळ्या पाळते, अर्ध्या गावाचे ब्लाउज हातशिलाईवर शिवून देते. मशीन घेतलं नाही. विचारलं की हसते.

यंदा खंडेनवमीला तिनं मला बोलावलं. नवऱ्यानं सुट्टीत येऊन मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला होता. तो परत ड्युटीवर गेला, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर तसाच टेबलावर, ओढणीखाली झाकलेला. "तुजीच वाट बघत हुते," सारिका म्हणाली. "तू लाव. तुजा हात चांगला हाय." पूजेचं ताटही माझ्यापुढं केलं. ताटात हळद होती, कुंकू होतं, झेंडू होता. पाणी नव्हतं.

तिची मुलगी अजून शाळेतही जात नाही. मी कुंकू लावत होते तेवढ्यात ती पुढं आली आणि बटणाकडे बोट नेलं. सारिकानं तिचा हात मधल्यामध्ये धरला. मारलं नाही, ओढलंही नाही. हलकेच धरला आणि म्हणाली, "न्हाई बाळा. आपल्या हाताला लाभत न्हाई. मावशीला लावू दे."

आपल्या, म्हणाली.

मुलीनं आपले दोन्ही तळवे एकदा उलटसुलट करून पाहिले. मग खाली बसली आणि हात मांडीखाली घालून ठेवले.

तेव्हा मी बोलू शकले असते. तिथं दुसरं कुणी नव्हतं. पप्पा नव्हते, काका नव्हते, फक्त सारिका, ती मुलगी आणि मी. मी बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीन काळी होती. त्या काळ्या स्क्रीनमध्ये आम्ही तिघी दिसत होतो. चालू होऊ नये असं मला वाटलं. निदान एकदा तरी माझ्या हातानं बिघडावं, सगळ्यांच्या देखत.

चालू झालं. सारिकानं टाळी वाजवली. "बग! मी म्हनलं नव्हतं?" असं मुलीला म्हणाली, आणि आतून गूळखोबरं घेऊन आली. मी हात पुढं केला. तिनं माझ्या तळहातावर गूळखोबरं ठेवलं आणि माझी बोटं मिटवली.

मी ते खाल्लं.