घोरणाऱ्यांचं ‘एक नंबर’

फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आज कल्याणला उडणाऱ्या नायकाच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. बाहेर येताच माझ्या पुढच्या खुर्च्यांवरचे तिघे तिकिटाच्या रांगेकडे बघून ओरडले, “एक नंबर पिक्चर!” अहो, मध्यंतरानंतर हे तिघे चक्क घोरत होते!

रांगेतल्या, मोहने गावच्या एका कामगाराने मला विचारलं, “काका, सुट्टी टाकून बायको-मुलीला आणलंय. खरंच चांगलाय?”

“पहिल्या भागाचीच शिळी कढी आहे. मुलीला खाडीवर फिरवून आणा.”

तो हसला. “म्हणजे आम्ही रांग सोडली की तुम्ही पुन्हा बघायला तिकिटं काढणार! वा काका!”

आणि तो खिडकीकडे सरकला.

फसलेला माणूस दुसऱ्याला फसवायला एवढा उतावीळ का? आणि संशय नेमका खरं सांगणाऱ्याचाच का? याच फळ्यावर उत्तर लिहा. खडू खाली ठेवलाय.