एकतीस ऑक्टोबरचा फळा

सुहासिनी जॉन ओहोळ, आज एकतीस ऑक्टोबर. तुला जाऊन वर्ष झाले... आणि आज सकाळी विश्रांतवाडीच्या आपल्या चर्चच्या वाचनालयात मी तुझा फळा शेवटचा लिहिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी... माझी पत्नी त्या फळ्यावर रोज 'आजच्या दिवशी' लिहीत असे. ख्रिस्ती इतिहासात त्या तारखेला कोणाला जाळले, कोठे छापखाना निघाला, बायबल कोणत्या भाषेत पोहोचले. तिच्या पश्चात वर्षभर ते काम मी केले. उद्यापासून तेथे टीव्हीचा पडदा लागणार आहे.

मागील रविवारी कमिटीचे सचिव सॉलोमनराव यांना मी विनंती केली, की शेवटच्या दिवशी फळ्याच्या तळाशी एका ओळीत तुझे नाव असावे.

ते हसले. "शंभर वर्षं थांबा, सर. बाईंचाच नियम आहे ना?"

नियम तुझाच. मृत्यूला शंभर वर्षे झाल्याशिवाय फळ्यावर कोणाचेही नाव नाही. त्यांचे वडील वारले तेव्हा त्यांनी फळ्यावर वडिलांचे नाव मागितले, तर तू त्यांना भर सभेत ऐकवले होतेस, "इतिहासाला घाई नसते, सॉलोमनराव. घाई नातेवाइकांना असते." सभा हसली होती. त्यांनी ते वाक्य जपून ठेवलेले दिसते...

तुझ्या दफनविधीच्या वेळी हेच गृहस्थ तुला 'चालताबोलता इतिहास' म्हणाले होते. चालणेबोलणे थांबले की एका ओळीचीही जागा उरत नाही, हे तेव्हा सांगितले नाही.

आज वाचनालयात कोणीही नव्हते. पाचशे वर्षांपूर्वी याच तारखेला एका जर्मन धर्मगुरूने आपले आक्षेप चर्चच्या दारावर ठोकले, असे मी लिहिले. त्याने कोणत्याही सचिवाची परवानगी घेतली नव्हती... म्हणून खाली तुझे नाव लिहिले. पूर्ण नाव, तुझ्यासारख्याच उभ्या अक्षरांत.

मागे सरून पाहिले... आणि पुसले. सॉलोमनरावांना भिऊन नव्हे. तू असतीस तर डस्टर माझ्या हातून घेतले असतेस आणि चारचौघांत विचारले असतेस, "अहो, आपल्या घरचं माणूस म्हणून का?"

तुझा नियम मी पाळला. तो मला पटलेला नाही, हे येथे सर्वांसमक्ष सांगतो. शंभर वर्षांनी तुझे नाव लिहायला कोण असणार आहे?

दार बंद केले, कुलूप ओढून पाहिले. किल्ल्या सॉलोमनरावांना परत दिल्या.