वर्षश्राद्धाची सोडचिठ्ठी

बायको जाऊन वर्ष झालं, त्याच दिवशी तिनं मला सोडलं. म्हणजे मीच सोडायला लावलं, आणि साठ प्रती गावभर वाटल्या.

आमच्याकडं वर्षश्राद्धाला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. पूर्वी नाव कोरलेला स्टीलचा तांब्या द्यायचे, आता पुस्तक द्यायची टूम निघालीय. पोरगा म्हणाला हरिपाठ आणू. मी म्हणालो, हरिपाठ घरोघरी आहे, तुझ्या आईला शोभेल असं मी बघतो. (मी चौथी नापास. अशा माणसाला पुस्तक आणायला पाठवू नये, हे घरात एकालाही सुचलं नाही.)

पाटोद्याला स्टँडजवळ दुकान आहे. तिथं सांगितलं, मोठ्या घरची पोरगी आणि गरिबाचं पोरगं असलं काही असेल तर दे. आमचं तसंच होतं. सुभद्राचा बाप त्यांच्या गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन, माझा बाप त्यांचा सालगडी, आणि मी सोसायटीत दुधाचे कॅन उचलणारा. लग्न केलं आणि पळून माझ्या आजोळी, या गावात आलो.

दुकानदारानं एका कादंबरीचा गठ्ठाच काढला. साठच्या साठ प्रती पडून होत्या. त्या कावून पडून राहिल्या, एवढा तरी विचार करावा की नाही! मी फक्त विचारलं, शेवट कसा हाय. तो म्हणाला, रडू येतंय बघा बाबा. मला वाटलं, श्राद्धाला बरंच आहे.

घरी येऊन गठ्ठा सोडला तर वर महाल, झोपडी असलं कायतरी नाव, आणि खाली पाठ उघडी टाकून बसलेली एक बाई. हे कीर्तनकार महाराजांच्या हातात कसं द्यायचं? सुभद्राचे फोटो आतल्या पानावर डकवायला छापून आणलेच होते. मी ते बाहेर डकवले, बरोबर त्या बाईच्या अंगावर. साठही माझ्या हातानं, खळ लावून. नाव पुस्तकाचं, फोटो सुभद्राचा. आता ती गोष्ट कुणाची झाली, ते शेंबड्या पोरालाही कळावं. मला कळलं नाही.

श्राद्ध उरकून चार दिवसांनी पारावर गेलो तर सगळ्यांनी सरकून मला जागा दिली. माझ्या बरोबरीचा दिगंबर, ज्यानं जन्मात कुणाला बिडी दिली नाही, त्यानं मला बिडी दिली.

"लई सोसलंस बे," म्हणाला. "येका शब्दानं बोलला न्हाईस."

घरी येतो तर सून तोंड फुगवून बसलेली. शेजारची पारूबाई तिला विचारून गेली होती की, सासू जीपमधून माहेरी गेलती, मग तिला परत आणलं कुणी?

नात दहावीला आहे. तिला बसवलं आणि म्हणालो, वाच. ती दोन दिवस वाचत होती, मी दोन दिवस शिव्या देत होतो. त्यातलं मजुराचं पोरगं ऊस तोडताना गाणी म्हणतं. मी आष्टीच्या टोळीबरोबर ऊस तोडलाय. पाचटानं गळ्यापर्यंत चिरल्यावर माणूस गाणं म्हणत नाही, मुकादमाच्या आईचा उद्धार करतो. त्यातली पोरगी ऐन दुष्काळात गुलाबपाण्यानं तोंड धुते. टँकर काय गुलाबाचा येत होता? आणि शेवटी घरात घागरभर पाणी नाही म्हणून ती बापाच्या जीपमध्ये बसून निघून जाते, आणि हा गडी बाभळीखाली बासरी वाजवतो.

माझी सुभद्रा दुष्काळी कामावर माझ्या शेजारी बसून खडी फोडत होती. चेअरमनची पोरगी. हाताला फोड आले तर चिंध्या गुंडाळून फोडली. तिला या लिहिणाऱ्या हरामखोरानं जीपमध्ये बसवली, आणि वर तिचा फोटो मी डकवला!

मग घरोघर पुस्तकं मागत फिरलो. कोणी देईना. सगळ्यांचं वाचून व्हायचं होतं.

आठव्या दिवशी दारात मेहुणा उभा. सुभद्राचा थोरला भाऊ, बापामागं तोच चेअरमन झालेला. लग्नापासून त्यानं आमचा उंबरा पाहिला नव्हता. मयतीला आला नाही, श्राद्धाला आला नाही. कुणीतरी त्याला ती कादंबरी पोचवली होती. डोळे लाल.

"दाजी," म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दाजी. "तिला यायचं व्हतं. आमीच जीप धाडली न्हाई."

नुसतं हो म्हणालो असतो, तरी सोयरीक जुळली असती. म्हातारपणी मोठ्या घरचा पाहुणा मिळाला असता. पण माझं डोकं फिरलेलं.

"तिला यायचं न्हवतं," मी म्हणालो. "ते पुस्तक खोटं हाय. स्टँडवरनं आणलंय. फोटो म्या चिकटवलाय. ती येक दिस बी गेली न्हाई."

त्यानं आमच्या पत्र्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग खरंच कळत नसल्यागत विचारलं, "मग ऱ्हायली कावून?"

इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती विचार करायला बसली असती, आणि तिच्या माहेरची एसटी तर आमच्या दारावरूनच जायची.