अन्साच्या विटाळाचं वांगं

माझी धाकटी जाऊ अन्सा गेल्याचं मला चिंचवड स्टेशनावर कळलं. माहेराहून परतत होते. गाडीतून उतरले तर आमचा गडी सायकल धरून उभा. “मधल्या काकी, उशीर झाला,” एवढंच म्हणाला. महिना उलटला, पण मला रडू येत नाही... रागच येतो. आणि तो गिळायचं माझं वय राहिलेलं नाही.

ऐका मग. काही वर्षांमागं एकदा पाट फुटून पाणी वांग्याच्या मळ्यात घुसलं. घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून महिन्याची बाहेर बसलेली अन्सा धावली, चिखलात उतरून तिनं पाट बांधला. पीक वाचवलं बाईनं. आठवड्याभरात वांग्याची पानं चिमटली, शेंडे पिळवटले. थोरले दीर, नाना, म्हणाले, “हिचा विटाळ लागला. ह्यापुढं हिनं मळ्यात पाय टाकायचा न्हाई.”

खरं म्हणजे शेजारच्या उसात शेतकी खात्यानं तण मारायचं नवं औषध फवारलं होतं आणि वारा आमच्या अंगावर होता. पुढं त्यांचा साहेब आला, त्यानं नानांच्या तोंडावरच सांगितलं. चहा घेऊन गेलेली मी तिथंच विचारत सुटले. तो म्हणाला, झाडाच्या शेंड्यात वाढीचा रस तयार होतो, औषध म्हणजे त्याचीच नक्कल. उसाला ते पचतं, वांग्याला नाही. वाढ बेताल सुटते. मग फळं पिकवणारा जो वायू झाड एरवी जपून, नाहीतर संकटात सोडतं, तोही अंगात माजतो आणि पानं माना टाकतात. एकानं मर्यादा सोडली की दुसराही सोडतो. यात बाईचा विटाळ कुठं आला?

हे सांगायला चुलीपाशी गेले, तेव्हा अन्सा भाकरी थापत होती. “म्हंजे अक्का, माझ्यात खोट नव्हती?”

“नव्हती गं.”

“मग नानांना सांगा की. मला रोपं लावायचीत.”

सांगितलं. नाना म्हणाले, “समदं खरं हाय. पर बोललेला शब्द माघारी घेतला तर गाव हसंल.”

गाव हसेल म्हणून अन्सा मरेपर्यंत बांधावरूनच मळा बघत राहिली. आणि तेराव्याला हेच नाना पंगतीत सांगतात, वांगी धरावीत तर हिच्याच हातानं!

तिचं खुरपं चुलीमागं खोचलेलं होतं. परवा माझी सून बाहेरची होती. ते तिच्या हातात दिलं आणि मीच तिला मळ्यात नेलं. नाना आलेच. “मधल्या बाई, हे काय?”

“निंदणी,” म्हटलं.

सुनेनं मान वर केली नाही. खुरपं आता मळ्यातच असतं.