सहा अँपिअर

म्हातारबा वायरमन निवृत्त झाले होते, फक्त हे त्यांना कोणी पटवून द्यायचं बाकी होतं. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, कारण हाताखालच्या पोरांना मुस्काटात न मारता शिकवणारा वायरमन तो एकच. व्हरांड्यात त्यांचं टेबल होतं. पकडी, टेस्टर, तारेची वेटोळी. जीव की प्राण!

पण मध्यंतरी शेजाऱ्यांच्या पंख्याच्या तारा त्यांनी उलट्यापालट्या जोडल्या आणि मुलगा भडकला. "बाबा, आणखी एक चूक झाली की हे टेबल भंगारात. आत्ताच सांगून ठेवतो."

पुढच्याच आठवड्यात सुनेची इस्त्री बंद पडली. ती घरी शिवणकाम करायची. इस्त्री जुनी, जडशीळ, तापली की आपोआप बंद होण्याची भानगडच नाही. आतल्या तापणाऱ्या तारेची कॉइल तुटली होती. मास्तरांनी जळका तुकडा कापला, उरलेली टोकं पिळून जोडली. इस्त्री तापली आणि मास्तरांची छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट करपला. मुलाने लगेच विचारलं, "इस्त्री बाबांनीच दुरुस्त केली होती ना?"

"इस्त्रीला कशाला नावं ठेवता? माझंच लक्ष फोनवर होतं," सून म्हणाली.

मास्तरांच्या जिवात जीव आला. वर त्यांनी उपदेशही पाजला, "सूनबाई, गरम इस्त्री टेकवून गप्पा मारायच्या नसतात." तिने मुकाट्याने मान डोलावली.

दुपारी त्यांना वाटलं, इस्त्रीत खोट नाही हे मुलाला दाखवूनच द्यावं. इस्त्री चालू करून तिच्या एका तारेभोवती करंट मोजणाऱ्या मीटरचा चिमटा अडकवला. ही इस्त्री पाच अँपिअर घेते, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ. मीटर दाखवत होता सहा.

मीटर बिघडला म्हणावं, तर तो बिघडला नव्हता. दोनशे तीस व्होल्ट भागिले पाच, म्हणजे विरोध शेहेचाळीस ओहम. भागिले सहा, तर जेमतेम अडतीस. तार आखूड झाली, विरोध कमी झाला, करंट वाढला. आणि वॉट? दोनशे तीस गुणिले पाच, साडेअकराशे. गुणिले सहा, तेराशे ऐंशी! तार कापली की उष्णता वाढते, हे आयुष्यभर पोरांना घोकायला लावलं आणि स्वतःच विसरले. सुनेचं लक्ष फोनवर नव्हतंच. तिला सगळं कळलं होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री जेवताना ते म्हणाले, "कोट मी जाळला. हिने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

मुलाचा घास हातातच राहिला. तो बायकोकडे बघत बसला. मास्तर उठले, व्हरांड्यात जाऊन पोत्यात पकडी भरू लागले.

सुनेने येऊन पोत्याचं तोंड मुठीत धरलं. "पूर्ण लांबीची नवी कॉइल आणलीय. तुम्ही बसवा, मीटर मी बघते. पाचच्या वर गेला तर ओरडेन."

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. "बसवा," तो पुटपुटला, "पण ती मोजल्याशिवाय वस्तू टेबलावरून उठायची नाही."

मास्तरांनी डोळे पुसले. "नक्की ओरडशील ना, सूनबाई? मागच्या वेळी नाही ओरडलीस, म्हणून विचारतो."