दोन पाटे कमी

आमच्या गाडीत बसून कुणी गावी, बाजारहत्नूरला आलं, तर त्याची हाडं मोजून निघायची. भाजीची गाडी ती. पुढं दोघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. टमाट्याचे क्रेट चढवले की मागून खाली बसायची, म्हणून मीच मागच्या चाकांवर दोन्हीकडं एकेक जादा पाटा टाकून घेतला होता. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून कमान करतात, त्या पट्ट्या म्हणजे पाटे. पाटे वाढवले की गाडी जास्त माल पेलते आणि तितकीच कडकही होते. टमाट्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळं मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग बाबा दोडक्याच्या मांडवावरून पडले आणि कंबरेतला मणका तडकला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून मला ती चीर दाखवली. आडवं ठेवलं तर हाड आपोआप जुळेल, म्हणाले. दर महिन्याला दाखवायला आणा, पण जोराचा झटका बसू देऊ नका, हाड सरकलं तर पाय जातील. हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मी नुसती मान डोलावून बाहेर आलो.

ऑटोत आडवं होता येत नाही, म्हणून बाबांना आपल्याच हौद्यात गादीवर घालून आणलं. रस्ताभर त्यांनी गमछा दातांत धरला होता. घरी उतरवलं तेव्हा गमछा चिंब होता.

त्यानंतर मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसलो. एकात तर बर्फावरची गाडी होती. आमच्याकडं बर्फ फक्त मासळीवर दिसतो, पण तो व्हिडिओ मी चार वेळा बघितला. एक जण गाडीवर बसतो, दुसरा ती किती दबली ते पट्टीनं मोजतो आणि त्याच्या वजनाप्रमाणं स्प्रिंग लावतो. मला एकदम ज्ञान झालं. आमची गाडी टमाट्याच्या वजनाची होती, ती बाबांच्या वजनाची करायला हवी होती.

गुडीहत्नूरला एक जुने मिस्तरी आहेत. त्यांनी दोन्ही बाजूंचे जादा पाटे काढले, माझ्या आग्रहावरून मूळचाही एकेक काढला आणि नवे नरम शॉकअप बसवले. मग हौद्याच्या फळीवर हात टेकून जोर दिला. गाडी दबली, वर आली आणि थांबली.

"आता हे मालाची गाडी नाही राह्यली, भाऊ," ते म्हणाले. "माणसाची झाली. एक माणूस, एक गादी. पोतं नका चढवू."

"मी काऊन चढवू पोतं?" मला रागच आला.

"कडक गाडी खड्ड्या-खड्ड्याले ओरडते, म्हून माणूस जपून चालवते. नरम गाडी काही सांगत नाही. मारते तवा एकदमच मारते."

म्हातारी माणसं बोलतच असतात, असं मनात म्हणत मी निघालो.

पुढच्या खेपेला बाबा जाताना चक्क झोपले. चीर भरत आलीय, असं डॉक्टर म्हणाले. मी फुगलो. भेटेल त्याला हौद्याची फळी दाबून दाखवायला लागलो. माय म्हणाली, "अति शहाना, त्याचा बैल रिकामा. काम कर आता." पण तीही हसत होती. बाबा धरून धरून अंगणात चार पावलं चालायला लागले होते.

एकच अडचण होती. आमच्या भाजीवाल्यांत बाजारातून गाडी रिकामी आणत नाहीत. रिकामी गाडी मळ्यात शिरली की भाजीचा पुढचा तोडा कमी येतो म्हणतात. त्या खेपेला बाबांनी किलोभर मीठ घ्यायला लावून नेम पाळला होता. त्याच्या पुढच्या खेपेला, दवाखान्यातून निघाल्यावर, हौद्यातून त्यांनी हाक मारली.

"ढेप सरली ना घरची? चार पोते घेऊन घे."

"बाबा, गाडी आता मालाची नाही."

"मंग काय मीठच नेत राहू का? दोन महिन्यांपासून ढोरासारखा पडून आहो, एक काम सांगतलं तर तेबी नाही." आयुष्यभर दुसऱ्याला कामं सांगणारा माणूस. मला नाही म्हणवलं नाही. गुरांसाठी चार पोती सरकीची ढेप घेतली आणि त्यांच्या पायांपलीकडं, हौद्याच्या टोकाला रचली.

मग मी मागं जाऊन बघितलं. गाडी मागून पार बसली होती. पाट्यांची कमान सरळ झाली होती, आणि खड्ड्यात गाडी आसावर आपटू नये म्हणून वर असतो तो रबरी गट्टा जवळजवळ आसाला टेकला होता. मला कळलं होतं, हे इथं लिहून ठेवतो. दोन पोती उतरवावीत असं वाटलं. हौद्यातून बाबा म्हणाले, "चाल ना, काय पाहून राह्यला?" मी पुढं जाऊन बसलो.

हायवेवर गाडी डुलत चालली. इतकी गुळगुळीत ती कधीच चालली नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली. पहिले काही मैल मी जीव मुठीत धरून हाकत होतो. पण भीती तरी किती वेळ पुरणार? काही खडखडत नव्हतं, काही आपटत नव्हतं. गुडीहत्नूरच्या पुढं हायवे सोडला तेव्हा वेग कमी करायचं मनात होतं. काट्याकडं बघितलं तर तो होता तिथंच होता.

कपाशीच्या दोन वावरांमधे रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे. तिच्या तोंडाचं डांबर वाहून गेलेलं, हे मला तोंडपाठ होतं. ब्रेक मारला, तो उशिरा. पुढची चाकं उतरून चढली. मागची उतरली आणि लोखंडावर लोखंड आदळल्याचा एकच आवाज झाला. त्यावर बाबांचा: "माय वं!"

गाडी थांबवून मी मागं धावलो. पोती जागच्या जागी होती. बाबा डोळे उघडे ठेवून आभाळाकडं बघत होते. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. मी हात धरला, तो थंडगार होता. बाबा, बाबा म्हणत राहिलो.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "थांब. गेली कळ."

"खरंच?"

"हो. आता काहीच नाही दुखून राह्यलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा."

मला रडूच आलं, सुटल्याचं रडू. मूर्खासारखा मी म्हणालोही, "पाह्यलं का, शॉकअपनं वाचवलं." बाबा हसले. उरलेला रस्ता मी गाडी पायी चालल्यासारखी हाकली. मधूनमधून हाक मारून विचारायचो, दुखते का? दर वेळी मागून उत्तर यायचं, "नाही रे."

दवाखान्यातून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घातल्याशिवाय माय त्याला घरात घेत नाही. बाजूच्या दोघांनी गादीसकट बाबांना उतरवून अंगणातल्या बाजेवर ठेवलं. मायनं चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं. मी तिला आनंदानं सांगत होतो, बाबांचं दुखणं थांबलं म्हणून. तिनं ऐकता ऐकता तांब्या भरून बाबांच्या दोन्ही पायांवर ओतला. एक शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला आणि ती किंचाळली.

"अगं माय! कढत आहे! थंड पान्याचं इसनच नाही टाकलं म्या."

बाबांचे पाय लाल होत चालले होते. त्यांच्यातून वाफ निघत होती. ते तसेच, जिथं ठेवले होते तिथंच होते. बाबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"काऊन थांबली?" ते म्हणाले. "टाक ना पानी."