धुळीआडची दीर्घिका

आल्या आल्या ते माझ्या टेबलावरून बोट फिरवायचे, बोट उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बाई, धूळ!" ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपात ते एसीचे सुपरवायझर, मी ऑफिस सांभाळायचे. बहरीनमध्ये धुळीला तोटा नाही, त्यामुळे त्यांच्या कामालाही नव्हता. गिऱ्हाईक म्हणे, फिल्टर स्वच्छ दिसतोय. ते म्हणत, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसते ना बाप्पा!" आणि फिल्टर आपटत. मग सगळे खोकत.

मूळचे नागपूरचे. मुलगी युरोपात खगोलशास्त्र शिकत होती. फार दूर आकाशात गॅमा किरणांचा स्फोट होतो आणि विझतो. तो कोणत्या दीर्घिकेत झाला, ते शोधायचं. तिच्या वाट्याला आलेली दीर्घिका बहुधा धुळीनं भरलेली, त्यामुळे दुर्बिणीला काहीच दिसेना.

"म्हणजे बापलेक दोघंही धुळीतच," मी म्हटलं.

"मी नुसती झटकतो, बाई. पोरगी मागं काय हाय ते पाहते."

तुम्हीही पाहिले असतील असे बाप. मुलीचं नाव निघालं की ताठ बसणारे.

नागपूरहून भावाचे फोन येत : पोरीला बोलवा, स्थळ थांबायचं नाही. त्यांनी वर्षअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. दीर्घिका मिळाली तर ती तिकडेच पुढे शिकेल, नाहीतर परत. हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक. आमचा रत्नागिरीचा ड्रायव्हर रोज विचारी, "काय साहेब, गावली काय?"

"मफी, नाही अजून. उद्या, इंशाल्ला."

डिसेंबरात फॅक्स आला. "बाबा, सापडली! फिकट ठिपका आहे बघा." पण आमचं मशीन इतकं मळलेलं, की कागदभर ठिपकेच ठिपके. साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला.

"बाई, यातली आपली कोणती?"

"ही असंल, मोठी!" ड्रायव्हर म्हणाला.

"तो चहाचा डाग हाय, बाबू!"

"तिला पुन्हा पाठवायला सांगा," मी म्हटलं.

दुसरा फॅक्स आल्यावर दोन्ही कागद एकावर एक धरून मी खिडकीच्या काचेला लावले. मशीनचे डाग जागा बदलून बसले होते. एकच फिकट ठिपका दोन्हींवर तिथल्या तिथे होता. त्यांनी बॉलपेननं त्याभोवती निळा गोल काढला आणि नागपूरला फोन लावला. "पोरगी येत नाही," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ ते मशीन पुसत बसले. स्वच्छ झालं होतं तरी.

पुढे ते नोकरी सोडून नागपूरला गेले. जाताना तो फॅक्स माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. फॅक्सचा कागद टिकत नाही. अक्षरं, डाग, ठिपका, सगळं उडालं. निळा गोल तेवढा राहिला.

परवा नवा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, हा कोरा कागद टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "त्यात दीर्घिका आहे."